शेतमालविक्रीसाठी स्वतःचे संकेतस्थळ : साधनाची निवड

आंबा, गूळ, काजूगर, कोकम, मध असा माल थेट ग्राहकास विकणारे शेतकरी व बचतगट यांना आपले स्वतःचे संकेतस्थळ असावे असे अलीकडे वाटू लागले आहे. ही इच्छा योग्यच होय. तथापि, असे स्थळ स्वतः उभारण्यासाठी जी सॉफ्टवेअर मिळतात त्यांची निवड पुष्कळदा जाहिरात पाहून, किंवा ते फुकट आहे एवढ्याच कारणाने केली जाते, व त्या निवडीचे परिणाम दोन-तीन वर्षांनी भोगावे लागतात.

याचे ठळक उदाहरण नुकतेच घडले आहे. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद करणारास त्या नोंदीबरोबर एक लहानसे संकेतस्थळ विनामूल्य मिळत असे. ही सोय मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. जुन्या पत्त्यावर येणारा ग्राहक १० जून २०२४ पर्यंत मूळ नोंदीकडे वळविला जात होता. पुढे तेही थांबले. ज्या व्यावसायिकाने तो पत्ता वेष्टनावर किंवा फलकावर छापून घेतला असेल, त्याची छपाई वाया गेली. त्याही पूर्वी, २००९ मध्ये, याहू कंपनीची जिओसिटीज ही फुकट पानांची सेवा अशीच बंद झाली होती. खंडाने घेतलेल्या जमिनीत भुईमूग घ्यावा, कलमे लावू नयेत, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र नेमके हेच विसरले जाते.

यास्तव सॉफ्टवेअर कोणते घ्यावे हा प्रश्न दुसरा. पत्ता कोणाच्या मालकीचा हा पहिला. आपल्या नावाचा पत्ता, ज्यास डोमेन असे म्हणतात, वार्षिक शुल्क भरून नोंदवून घेता येतो. तो हाती असला म्हणजे आज एका सॉफ्टवेअरवर असलेले पान उद्या दुसऱ्यावर नेले तरी ग्राहकास पूर्वीचाच पत्ता चालतो. ‘डॉट इन’ हा शेवट साध्या व्यवहारास पुरेसा आहे. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ हाही मिळतो. परंतु सर्वच संगणकीय अर्जांत देवनागरी पत्ता स्वीकारला जात नाही, सबब तो जोडीस घ्यावा. नोंदणी करताना नाव, ई-मेल व मोबाइल क्रमांक मालकाचेच द्यावेत. काम करून देणाऱ्या दुकानदाराचे देऊ नयेत. बचतगटाने गटाच्या नावाचा वेगळा ई-मेल काढावा, कारण पदाधिकारी बदलतात व जुन्या सचिवाचा परवलीचा शब्द कोणासच ठाऊक नसतो. मुदत संपल्यावर शुल्क न भरल्यास तोच पत्ता पुढे दुसरा कोणीही घेऊ शकतो, याचा विसर पडू देऊ नये.

आता गरजेचा विचार. समजा, देवगड तालुक्यातील एखादा बागायतदार हंगामात पाचशे पेट्या थेट विकतो. त्यास लागते ते इतकेच : बागेची माहिती, चार छायाचित्रे, आजचा भाव, पेटीत किती डझन, कोणत्या गावी माल पोचतो आणि फोन क्रमांक. यांपैकी भाव तेवढा वरचेवर बदलतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो भाव बागायतदारास स्वतः, तोडणीच्या धामधुमीत, हातातील मोबाइलवरून बदलता येत नाही ते त्याच्या उपयोगाचे नाही, मग त्याची सजावट कितीही मोहक असो.

एवढ्या गरजेस गूगल साइट्स पुरते. ते विनामूल्य असून त्यास स्वतःचा पत्ता जोडता येतो. पानाची मांडणी संगणकावर करणे सोयीचे पडते. परंतु भावाचा तक्ता गूगल शीट्समध्ये ठेवून तो पानात बसविल्यास पुढे मोबाइलवर शीटमधील आकडा बदलला की पानावरील भावही बदलतो. यात दुकान व पैसे भरण्याची अंगभूत व्यवस्था नाही. पण लहान विक्रीस ती हवीच असे नाही. मागणी फोनवर घेऊन यूपीआयने रक्कम स्वीकारता येते. मात्र पैसे मिळण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, हे गटातील प्रत्येक सभासदास माहीत असावे.

विक्स व तत्सम सेवांवर सुबक पान लवकर तयार होते. फुकट योजनेत त्यांची जाहिरात दिसते व स्वतःचा पत्ता जोडता येत नाही. शिवाय विक्सवर बांधलेले स्थळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्या ठिकाणी नेता येत नाही, ही अडचण मोठी आहे. शॉपिफाय हे पूर्ण दुकानाचे सॉफ्टवेअर असून त्याचे भाडे वर्षभर चालू राहते. दोन-अडीच महिन्यांच्या हंगामास ते परवडणे कठीण.

वर्डप्रेस या नावाने दोन वस्तू ओळखल्या जातात आणि त्यामुळे घोटाळा होतो. एक म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा; दुसरे, २००३ पासून चालत आलेले मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर, जे कोणत्याही होस्टिंगवर, अर्थात भाड्याच्या जागेवर, बसविता येते. या दुसऱ्यात मजकूर सर्वस्वी आपला राहतो व जागा केव्हाही बदलता येते. त्याबरोबर राखणही आपल्याकडे येते. सॉफ्टवेअर व त्याचे प्लगइन वेळोवेळी अद्ययावत केले नाहीत, तर दुर्लक्षित कुंपणातून गुरे शिरावीत तसे चोर शिरतात. वर्षभर अनेक जिन्नस विकणाऱ्या गटाने, त्यात हे काम नियमाने पाहणारी एखादी व्यक्ती असेल तरच, हा मार्ग धरावा.

मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित केलेला असावा. मोबाइलवर लिहिलेले मराठी युनिकोडच असते. तालुक्याच्या छपाईच्या दुकानातून जुन्या टंकांत आलेला मजकूर मात्र पानावर अर्थहीन अक्षरांसारखा दिसतो व शोध घेणारास सापडत नाही. मोबाइलने काढलेली छायाचित्रे कित्येक मेगाबाइटची असतात. ती दोनशे किलोबाइटच्या आसपास आणल्याशिवाय चढवू नयेत. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले आहे. त्याची खूण पानावर लावावयाची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेली असावी.

पान तयार झाल्यावर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते स्वतःच्या नव्हे, तर मुंबई-पुण्याच्या एखाद्या गाववाल्याच्या साध्या मोबाइलवर उघडावयास लावावे. भाव, पेटीतील डझन व फोन क्रमांक ही तीन उत्तरे त्यास कोणास न विचारता सापडली पाहिजेत.