थंडीत गाडीचा गिअर का अडतो?



आपल्या खानदेशातल्या उन्हाची सर्वांनाच ओळख आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पण थंडीही काही कमी नसते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात रोज तापमानाची नोंद होते. थंडीची लाट आली की तिथे पारा ६ अंशांच्याही खाली गेलेला आहे. आपण समुद्रापासून दूर, त्यात हिवाळ्यात आकाश निरभ्र. म्हणून दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते. या थंडीने केळीची वाढ खुंटते, म्हणून रावेर-यावलचे शेतकरी रात्री बागेला पाणी देतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. हे आपण जाणतोच. पण थंडी लोखंडाच्या गाडीलाही बाधते, हे मला यंदाच समजले. कसे समजले ते सांगतो.

आमचे गाव साक्री तालुक्यात. माझे काका सुरतेला कामाला आहेत. दिवाळी झाल्यावर ते आपली जुनी चारचाकी आमच्या खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून गेले. दोन-अडीच महिने ती जागची हलली नाही. मी मात्र सुट्टीच्या दिवशी गुपचूप आत बसायचो आणि एस.टी.चा ड्रायव्हर व्हायचो. दांडी इकडून तिकडे करायची, तोंडाने भोंगा वाजवायचा, असा माझा खेळ.

संक्रांतीनंतर एके दिवशी आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला न्यायचे होते. बाबांनी आदल्या दिवशी बॅटरी चार्ज करून आणली होती. पहाटे गाडी चालू झाली. पण पहिला गिअर काही पडेना! बाबांनी क्लच दाबून जोर लावला, तरी दांडी अडलेलीच. तेवढ्यात धाकटी बहीण बोलून गेली, "दादा रोज गाडीत बसून दांडी हलवतो."

बाबांनी माझ्याकडे असे पाहिले की माझे पायच गळाले. शेवटी आजीला एस.टी.ने नेले. पोहोचेपर्यंत नंबर निघून गेला आणि ऑपरेशन आठ दिवस पुढे गेले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. आजीचे डोळे माझ्यामुळे राहिले, असेच मला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी आधी इंजिन बंद ठेवूनच दांडी हलवून पाहिली. दांडी जड होती, पण हळूहळू चारही गिअर पडले. मिस्त्री म्हणाले, "दादा, आत काही तुटलेलं नाही. पोराच्या खेळण्याने दाते मोडत नाहीत. तुम्ही आणखी जोर लावला असता, तर मात्र काहीतरी मोडलं असतं."

मग त्यांनी मला जवळ बसवून समजावले. ते असे :

(१) दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत लोखंडी कांबी आणि सांधे असतात. सांध्यांना ग्रीस लावलेले असते. गाडी उभी राहिली की त्यात धूळ बसते, ग्रीस सुकते, आणि थंडीत आणखी घट्ट होते. म्हणून दांडी हलत नाही.

(२) गिअरबॉक्समध्ये दात्यांची चाके तेलात फिरतात. गिअर बदलताना दोन भागांचा वेग सारखा करावा लागतो. त्यासाठी आत पितळी कडे असते. ते चाकाला घासून वेग जुळवते. याला सिंक्रोमेश म्हणतात. ही युक्ती प्रथम १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत आली. पण घासण्यापूर्वी कड्याला मधले तेल बाजूला सारावे लागते. गार तेल दाट असते, ते लवकर सरत नाही. म्हणून चालत्या गाडीतही सकाळी गिअर जड पडतो.

(३) इंजिन बंद असताना गिअर पडतात आणि चालू केल्यावर खर्रर्र आवाज होऊन पडत नाहीत, असे झाले तर दोष बहुधा क्लचचा. उभ्या गाडीत ओल धरून क्लचची तबकडी गंजते व चिकटून बसते.

गार तेल दाट होते, हे मी स्वतः करून पाहिले. तुम्हीही पाहा.

साहित्य : तीन वाट्या, खोबरेल तेल, शेंगदाण्याचे तेल, काकवी.

कृती : वाट्या रात्री ओट्यावर झाकून ठेवल्या. पहाटे तिरप्या केल्या. नंतर दुपारपर्यंत उन्हात ठेवून पुन्हा तिरप्या केल्या.

निरीक्षण : पहाटे खोबरेल दगडासारखे गोठले होते. शेंगदाण्याचे तेल वाहत होते. काकवी चमच्यातून पडायला मी २० आकडे मोजले. दुपारी खोबरेल पातळ झाले, आणि काकवी ६ आकड्यांत पडली.

अनुमान : खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते. गिअरचे तेल आपल्या थंडीत तसे गोठत नाही, पण काकवीसारखे दाट होते.

तेलाच्या डब्यावर ८०डब्ल्यू-९० असा नंबर असतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक पातळ राहते. कॅनडात तर इतकी थंडी पडते की रात्री इंजिनला विजेची शेगडी जोडून ठेवतात.

मिस्त्रींनी सांधे धुऊन नवे ग्रीस भरले. जुने काळे तेल काढून गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या नंबराचे तेल घातले. दांडी लोण्यासारखी फिरू लागली. शेजारी बसलेली आजी म्हणाली, "अरे, गाडीले बी थंडी वाजस का?" आम्ही सगळे हसलो. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चुकलं माझं, भाऊ. आधी कारण पाहायला हवं होतं." मीही न विचारता गाडीत बसणार नाही असे कबूल केले.

आता पालकांसाठी चार गोष्टी :

• उभी गाडी आठवड्यातून एकदा थोडी चालवावी.

• सकाळी इंजिन चालू करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, क्लचवरचा पाय काढावा. त्याने आतले तेल ढवळले जाते. मग पहिली दोन-चार मैल सावकाश जावे.

• हे बंद शेडमध्ये कधीही करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो, त्याला वास नसतो. गाडी बाहेर काढावी, नाहीतर दारे सताड उघडावीत.

• गिअर पडला नाही तर जोर लावू नये. दांडी न्यूट्रलमध्ये आणावी, क्लच सोडून पुन्हा दाबावा आणि हळूच लावून पाहावा.

पुढच्या आठवड्यात आजीचे ऑपरेशन झाले. आता ती तांदळातला खडा स्वतः वेचते. हा लेख भिंतीवर लागला की मी तिला शाळेत आणणार आहे. तीच तो मोठ्याने वाचील.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी