हे कधीपासून होतंय?

चि. सोनू,


तुझा मेसेज मी चार वेळा वाचला. प्रार्थना चालू असताना ती मुलगी खाली पडली, हातपाय झाडू लागली, तुम्ही आठ जण तिच्याभोवती उभे राहून मोठमोठ्याने ‘नीघ, नीघ’ म्हणत राहिलात आणि दोन तासांनी ती शांत झाली. आता सगळे म्हणताहेत की तुला भुतं काढायचा अधिकार मिळालाय. आणि तू मला विचारतोयस, ‘आत्या, हे खरं असेल का?’ फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून कागद घेतला.

आधी एक सांगते, म्हणजे तुझ्या मनात किंतू राहायला नको. सैतान वगैरे काही नसतं, असं मी म्हणणार नाही. चौतीस वर्षं वॉर्डात काढली. रॉकेल ओतून पेटवलेली सून शेवटचा जबाब देत होती, तेव्हा सलाइन धरून मी तिच्या उशाशी उभी होते. नवरा बाहेर बाकावर बसून चहा पीत होता. त्या रात्रीनंतर वाईट म्हणजे नुसती माणसाची चूक, असं मला कुणी कितीही समजावलं तरी पटलेलं नाही. प्रभू त्याच्याशी झुंजला आणि जिंकला, हा माझा विश्वास आहे. त्याच विश्वासाने पुढचं लिहितेय.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. उन्हाळ्याच्या एका दुपारी जीपमधून वीस-बावीस वर्षांची पोर आणली. आकडीवर आकडी. केस तेलाने निथळत होते, प्रार्थना केलेलं तेल. सोबतच्या माणसांचे आवाज बसले होते, कारण आदल्या रात्रीपासून ती सगळी तिच्याभोवती ओरडत होती. मी तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस ओढून घेतला, डॉक्टरांनी शिरेतून डायझेपाम दिलं. आकडी थांबल्यावर हातातल्या बांगड्या काढायला गेले तर दोन्ही मनगटांवर बोटांचे वळ. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा, निळे पडलेले. तिच्या आईच्या पदराच्या गाठीत आकडीच्या गोळ्यांची पुडी निघाली. तीन आठवडे उघडलेली नव्हती. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं त्यांना सांगितलं होतं.

पोर वाचली, पण कितीतरी दिवस तिला नीट बोलता येत नव्हतं. आणि सोनू, ते वळ उठवणारी माणसं दुष्ट नव्हती. आपल्यासारखीच होती, उपास करणारी, तिच्यावर जीव असलेली. मला त्याचंच जास्त भय वाटतं.

तू म्हणशील, मार्काच्या नवव्या अध्यायातला मुलगाही असाच फेस गाळत पडला होता आणि प्रभूने त्याच्यातला आत्मा काढला. हो, काढला. पण तो अध्याय एकदा सावकाश वाच, मी नर्स म्हणून वाचते तसा. शिष्यांना जमलं नाही आणि ते शास्त्र्यांशी वाद घालत उभे आहेत. मुलगा बाजूला राहिला. प्रभू येतो. मुलगा त्याच्यासमोर पडून गडबडा लोळतोय आणि तो वळतो बापाकडे. विचारतो काय? हे याला कधीपासून होतंय. बाप सांगतो, लहानपणापासून. कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. आमच्याकडे केसपेपरवर पहिल्या ओळीत हेच लिहितात. ज्याला सगळा अधिकार होता, त्याने आधी विचारपूस केली, बापाचं ऐकून घेतलं. मग आज्ञा, तीही एकदाच. मुलगा मेल्यासारखा पडला, लोक तसं म्हणूही लागले, तेव्हा प्रभूने त्याचा हात धरून त्याला उठवलं. मनगट आवळून दाबून धरलं नाही रे, हात देऊन उभं केलं.

पुढे घरात आल्यावर शिष्य एकांतात विचारतात, आम्हाला का जमलं नाही? उत्तर मिळतं प्रार्थनेचं, जोराचं किंवा आवाजाचं नव्हे. आणि त्याच अध्यायात काही ओळींनंतर हीच मंडळी वाटेत भांडताहेत की आपल्यात मोठा कोण. त्याच्याही पुढे योहान सांगतो, एक जण तुमच्या नावाने भुतं काढत होता, आम्ही त्याला मनाई केली, कारण तो आपल्यातला नाही. एकाच अध्यायात हे सगळं मार्काने उगाच ठेवलं नसेल. तुझ्या मेसेजमध्ये ‘मला’ आणि ‘आमच्या गटाला’ किती वेळा आलंय ते मोज. मुलीचं नाव मात्र एकदाही आलेलं नाही. ती कोण, कुठली, आता कशी आहे, काही नाही.

अधिकार या शब्दाला मी जपून हात लावते, त्याचं कारण रानातली परीक्षा. तिथे जगातल्या सगळ्या राज्यांवरचा अधिकार देऊ करणारा सैतान होता आणि तो नाकारणारा आपला प्रभू. पुढे सत्तर शिष्य (काही जुन्या प्रतींत बहात्तर) आनंदाने परत येतात की भुतंसुद्धा आम्हाला वश होतात, तेव्हा तो अधिकार मीच दिलाय हे प्रभू नाकारत नाही; पण याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलीत याचा माना, असं बजावतो. प्रेषितांच्या एकोणिसाव्या अध्यायात स्किवाच्या सात मुलांनी येशूचं नाव मंत्रासारखं वापरून पाहिलं आणि त्यांना घायाळ होऊन, उघड्या अंगाने पळावं लागलं. हे नाव घ्यायचं तर त्याच्या हाताखाली राहून घ्यायचं. कमरेला किल्ली लावल्यासारखं ते मिरवता येत नाही.

आपण प्रोटेस्टंट, पण कॅथलिकांची एक शिस्त मला आवडते. त्यांच्याकडे बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुठल्याही फादरांना भूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि 1999 साली सुधारलेल्या विधीत आधी आजार तर नाही ना हे पारखायला सांगितलंय. अर्थात नुसती परवानगीही पुरत नाही. जर्मनीत 1975-76 मध्ये आकडीचा आजार असलेल्या एका तरुण विद्यार्थिनीवर बिशपांच्या संमतीने 67 वेळा हा विधी झाला. जुलै 1976 मध्ये ती उपासमारीने गेली, तेव्हा तिचं वजन सुमारे 31 किलो होतं. दोन वर्षांनी कोर्टाने तिच्या आईवडलांना आणि दोन धर्मगुरूंना दोषी ठरवलं. तेव्हा त्या घरातही विश्वास होता, प्रार्थना होती. आपल्याकडे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच; भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला मारहाण केली, तर करणारा कुठल्या धर्माचा हे तो बघत नाही. पण कायद्याच्या धाकाने तू थांबावंस असं मला वाटत नाही. जीपमधून आणलेल्या त्या पोरीच्या मनगटांचा विचार करून थांब.

मग वाईटावर अधिकार चालवायचा कुठे? माझ्या घरातलं सांगते. आईच्या पाटल्यांवरून तुझ्या धाकट्या आत्याशी मी चार वर्षं बोलत नव्हते, हे तुला माहीत नसेल, तू लहान होतास. त्या चार वर्षांत मी मंडळीत मध्यस्थीच्या प्रार्थनेला उभी राहत होते, आजाऱ्यांवर हात ठेवत होते. पौलाने इफिसकरांना लिहिलंय की राग मनात ठेवून सूर्य मावळू देऊ नका, त्याने सैतानाला जागा मिळते. माझ्याकडे त्याने चार वर्षं बिनभाड्याची खोली घेतली होती. एका उत्तम शुक्रवारी उपासनेनंतर मी सरळ तिच्या दारात गेले. ती मोरीत भांडी घासत होती. मला पाहून उठलीसुद्धा नाही. मी पदर खोचला आणि धुतलेली भांडी पुसायला बसले. बराच वेळ नळाचाच आवाज. मग ती म्हणाली, ‘तो तवा राहू दे, तेलकट आहे.’ मी तवाही घेतला. नक्की बाहेर पडलेलं असं एकच भूत मी पाहिलंय, बाळा, आणि ते माझ्यातलं होतं.

दुसरं उदाहरण आपल्या पंडिता रमाबाईंचं. केडगावच्या मुक्ती मिशनमधलं 1905 चं जागरण तुमच्या गटात सगळ्यांना पाठ असेल: मुली रडल्या, थरथरल्या, रात्र रात्र प्रार्थना झाल्या. पण त्याआधीचं 1896-97 सालही पाठ करा. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. भुकेल्या बायकामुलींना फसवून न्यायला दलाल टपलेले, आणि सरकारी आसरा होता तिथेही त्या सुरक्षित नव्हत्या. बाई स्वतः तिथे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुलीबायांना घेऊन आल्या. उवांनी भरलेली डोकी धुतली, खरूज धुतली, खाऊ घातलं, पुढे विणायला, छापायला, वाचायला शिकवलं. गदरेकरांच्या प्रांतातल्या त्या भूतग्रस्त माणसाला प्रभूने बरं केल्यावर गावकऱ्यांना काय दिसलं, आठव: तो कपडे घालून शुद्धीवर बसला होता. आधी त्याला बेड्या घालत होते ते हेच गावकरी. रमाबाईंच्या आवारात अशा किती जणी अंगभर लुगडं नेसून, पाटी घेऊन बसल्या असतील! पुण्याहून केडगाव दौंडच्या लाइनीवरच आहे. एकदा जाऊन ये.

प्रार्थना करायचीच नाही का, असं तू विचारशील. कर की. मी रात्रपाळीला प्रत्येक खाटेपाशी केली. करणीच्या भीतीने तीन रात्री न झोपलेली एक बाई आमच्याकडे होती. तपासणीत काही निघालं नाही. दंडाला काळा दोरा आणि गळ्यात आपलाच क्रूस, दोन्ही. मी खुर्ची ओढून बसले, तिचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात, शेजारच्या खाटेवरची जागी होणार नाही अशा बेताने, येशूच्या नावाने तिच्यासाठी मागितलं. पहाटे ती झोपली. आठवड्याने दोरा तिने स्वतः काढून माझ्या हातात दिला. मी तो काढायला सांगितलं नव्हतं.

आता या रविवारी तू एक काम कर. गटातल्या एखाद्या ताईला सोबत घे आणि त्या मुलीला भेटायला जा. तिच्या खोलीवर गर्दी करू नका. काहीतरी खायला न्या. तिला विचार, हे तुला कधीपासून होतंय? शुद्ध हरपते का, जीभ चावली जाते का, कपड्यात लघवी होते का, हे ताईने विचारावं. गोळ्या चालू होत्या का, कुणी बंद करायला सांगितल्या का, हेही. तुम्ही कुणी सांगितलं असेल, तर तिथल्या तिथे तिची माफी मागा. मग न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन जा. पैशाची अडचण असेल तर मला कळव, माझ्या पेन्शनमधून होईल. तिच्या आईचा नंबर मिळाला तर तोही पाठव, मी स्वतः बोलेन.

आणि पुन्हा कधी तुमच्यासमोर कुणी पडलं, तर आधी कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही, तर 108 ला फोन. तोवर मनातल्या मनात प्रार्थना करायला कुणाची हरकत नाही.

तुझ्या बाबांना यातलं मी काही सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात मी पुण्याला येतेय, तेव्हा त्या मुलीची भेट घडवून आण. तिचं नाव मात्र त्याआधी कळव. रोजच्या प्रार्थनेत घ्यायचंय.

तुझी,
आत्या