एकच डोंगर धर

अगं, कॉलेज संपलं, घरी मशीन नाही, मग आता छापचित्रं करू कशी, असं तू परवा फोनवर विचारलंस. सांगते. पण आधी तुझ्या वहीबद्दल बोलू. त्या वहीत कोकण आहे, हंपी आहे, महाबळेश्वर आहे आणि प्रत्येकाचं एकेकच पान आहे. एका पानात जागा कळत नाही गं.

तू एकच डोंगर धर. पुण्याहून लोणावळा लोकलनं मळवलीला उतर. समोर लोहगड, शेजारी विसापूर. (याच मळवलीत राजा रविवर्म्यांचा शिळाछापाचा छापखाना होता. छापचित्रं करणाऱ्या पोरीनं या स्टेशनावर उतरायलाच हवं.) भाजे गावाच्या बाजूला एखादी सावली बघून बस आणि फोन पिशवीत राहू दे. फोटोत सगळंच सारख्या बारकाईनं येतं, मग काय सोडायचं ते ठरत नाही. आणि छापचित्रात काय सोडलं यावरच सगळं अवलंबून असतं. एक ४बी पेन्सिल आणि साधी वही पुरे.

वैशाखात जा. गवत वाळलेलं असतं, कातळ उघडा पडलेला असतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, ते तुला आडव्या पट्ट्यांत सरळ मोजता येतात. कठीण थराचा उभा कडा झालाय, ठिसूळ थर झिजून उतार झालाय आणि झाडी त्या उतारालाच धरून आहे. हे एकदा कळलं की डोंगर म्हणजे नुसता त्रिकोण राहत नाही. मग आषाढात त्याच जागी परत जा. पट्टे दिसेनासे झालेले असतात. जवळची सोंड गडद, मागची फिकी, त्यामागची ढगात मिसळलेली, एवढंच उरतं.

आता तुझ्या मशीनचं. वैशाखातल्या चित्राला मशीन लागतच नाही. लिनो घे, पट्ट्यांमधला उजेड कोरून काढ, रोलरनं शाई लाव, वर पातळ कागद ठेव आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं हळूहळू घोट. हरेन दासांची लाकूडठशाची चित्रं मिळतील तिथं बघ. १९२१ साली जन्मलेला हा माणूस, बंगालमधली खेडी, पाणी, झाडं त्यानं लहानशा ठशांत किती बारकाईनं कोरलीत! त्यातली पांढरी रेघ कुठे सुरू होते आणि कुठे विरते ते नीट न्याहाळ.

आषाढासाठी मात्र अ‍ॅक्वाटिंटच. धातूच्या प्लेटवर राळेची बारीक पूड बसवायची, खालून शेक द्यायचा, कण वितळून चिकटतात. त्यांच्या मधल्या फटी अ‍ॅसिड खातं आणि त्यात शाई धरते. आधी आकाशावर वॉर्निश लावून ते झाक. थोडा वेळ प्लेट बुडव, बाहेर काढ, लांबची सोंड झाक. पुन्हा बुडव, मधली झाक. सर्वांत जवळची सोंड शेवटपर्यंत अ‍ॅसिडमध्ये राहते, म्हणून सर्वांत काळी उमटते. पावसाळी डोंगर ज्या क्रमानं गडद होत आपल्याकडे येतो, त्याच क्रमानं ही प्लेट तयार होते. मला या कामातलं सगळ्यांत जास्त हेच आवडतं. वेळेचा अंदाज मात्र आधी प्लेटच्या तुकड्यावर घे.

प्लेटवरचं चित्र छापताना उलटं होतं, हे तुला मी सांगायला नको. एखादं झाड असेल तर होऊ दे उलटं. पण लोहगड-विसापूर ओळखणारे अर्धं पुणं भरून आहेत. लोहगडाची विंचूकाट्याची सोंड भलत्या बाजूला गेली तर लगेच विचारतील. तेव्हा ट्रेसिंग पेपर उलटा ठेवूनच चित्र प्लेटवर उतरव.

आणि हे नीट ऐक. जस्ताच्या प्लेटला सहसा नायट्रिक अ‍ॅसिड लागतं, त्याचा तांबूस धूर विषारी असतो. घरात, बाथरूममध्ये, गॅलरीत कुठेही ते करायचं नाही. तांब्याची प्लेट आणि फेरिक क्लोराइड त्या मानानं बरं, पण हातमोजे हवेतच आणि वापरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. राळेची पूड उडवताना मास्क लाव. आई काळजी करते ती उगाच नाही.

कोणी म्हणेल, छापलेलंच आहे, मग एवढी किंमत कशाला? चिडू नकोस. प्लेट दाखव, शाई पुसून दाखव, प्रत्येक प्रत हातानं कशी निघते ते बघू दे. वीस प्रती ठरवल्यास तर पेन्सिलनं ३/२० असं लिहून सही कर आणि एकविसावी काढू नकोस. हा शब्द पाळ, तुझं नाव त्यावर उभं राहणार आहे.

कागद भिंतीला टेकवून ठेवू नकोस, पावसाळ्यात बुरशी धरते. आणि माझं एचिंगचं मशीन रविवारी मोकळंच असतं. तांब्याची प्लेट घेऊन ये, कडा कानशीनं घासून आण, नाहीतर कागद फाटेल. कागद मी आदल्या रात्री भिजवून ठेवीन.