कैलासला जायचंय? तकलाकोटपर्यंतचा हिशेब आधी मांडा

पंढरपूर, काशी, चारधाम यांचा खर्च आमच्या महाळुंगे पडवळ गावात कुणालाही विचारा, पटकन सांगेल. कैलास-मानसरोवरचं तसं नाही. ऐकीव आकड्यावर विसंबून लोक कांद्याचे पैसे राखून ठेवतात आणि मग ते कमी तरी पडतात, नाहीतर नको तिथे जातात.

पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये सरकारी यात्रा पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी माणशी अंदाजे खर्च लिपुलेखमार्गे १ लाख ७४ हजार आणि नथुलामार्गे २ लाख ८३ हजार रुपये होता. तुमच्या वर्षीचा आकडा परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघा आणि त्यात घोडा, ओझेवाला, तिबेटकडचं जेवण, जथ्याची सामायिक वर्गणी धरली आहे का, हे ओळ न ओळ तपासा.

२०२५ मध्ये अर्ज आले ५,५६१ आणि सोडतीत नावं निघाली ७५०. म्हणून सोडत लागेपर्यंत बूट-जाकिटावर एक रुपया घालू नका. पासपोर्ट तेवढा आधी काढा. ३६ पानी पुस्तिकेला १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये.

खरी धास्ती दिल्लीतल्या वैद्यकीय तपासणीची. वय १८ ते ७० आणि शरीरभार निर्देशांक २५ च्या आत हवा. म्हणजे उंची १६५ सेंटिमीटर असेल तर वजन ६८ किलोच्या पुढे नको. तिथे अडलात तर तिथूनच माघारी. त्यामुळे रक्तदाब, साखर, हृदय यांची तपासणी अर्ज भरण्याआधी इथेच करून घ्या. ते पैसे वाया जात नाहीत. परतीचं रेल्वे आरक्षण केलं असेल आणि तारीख बदलली, तर रद्द करायचे पैसे कापतात; २०२५ मध्ये ४८ तासांपेक्षा आधी रद्द केल्यास स्लीपरला १२० रुपये कापत, थर्ड एसीला १८० आणि वर जीएसटी.

लिपुलेखमार्गे गेलात, तर पाच हजार मीटरवरची लिपुलेख खिंड उतरलं की तकलाकोट येतं. तिबेटी लोक त्याला पुरंग म्हणतात. कर्नाली नदीकाठची ही जुनी पेठ. कुमाऊँचे भोटिया व्यापारी इथे धान्य देऊन मीठ आणि लोकर नेत. १९६२ मध्ये सीमा बंद झाली, व्यापार पुन्हा सुरू व्हायला १९९२ उजाडलं. आज गावात तिबेटी आहेत, दुकानं थाटलेले हान चिनी आहेत, डोंगरापलीकडून आलेले नेपाळीही आहेत. दुकानांच्या पाट्या दोन लिपींत आणि घड्याळ बीजिंगचं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. घरी फोन करताना हे ध्यानात असू द्या, आणि नेहमीची औषधं पूर्ण यात्रेला पुरतील एवढी दिल्लीहूनच सोबत न्या. इथे युआन चालतो. डॉलर नेलेत तर नोटा कोऱ्या, न फाटलेल्या न्या, आणि कैलासच्या परिक्रमेच्या घोड्याचे पैसे पाकिटात वेगळे बांधून ठेवा.

तिथल्या खरेदीचा मोह मी तरी टाळायला सांगेन. पुढे सुमारे ५२ किलोमीटरची परिक्रमा आणि ५,६३० मीटरवरचा डोल्मा घाट आहे. भीमाशंकरचा डोंगर दम न लागता चढणाऱ्यालाही तिथे दहा पावलांवर थांबावं लागतं. जाकीट आधी जाऊन आलेल्याकडून मागून घ्या, पण घोडा आणि ओझेवाला मात्र ठरवाच.