गव्हावरील तांबेरा व बांधावरील करंज

आर्वी तालुक्यात गहू पोटरीवर येऊ लागला व पानांवर तांबूस पुटकुळ्या दिसल्या, की एक प्रश्न हमखास येतो : "बांधावरील करंजाच्या पानांवर गाठी आहेत, रोग तेथूनच आला काय?" मागे एका शेतकरी बंधूंनी तर करंजास कुऱ्हाड लावण्याची तयारी केली होती.

शंका अगदीच निराधार नव्हे. तांबेऱ्याच्या कित्येक बुरशींना जीवनक्रम पुरा करण्यास दोन निरनिराळ्या वनस्पती लागतात. थंड प्रदेशांत ज्युनिपर नावाच्या सूचिपर्णी झाडावर अशा बुरशींमुळे गाठी येतात. पाऊस पडताच गाठींतून नारिंगी, बुळबुळीत शिंगे फुटतात आणि त्यांवरील बीजाणू वाऱ्याने हॉथॉर्न, सफरचंद यांसारख्या झाडांवर जातात. तेथे तयार झालेले बीजाणू पुन्हा ज्युनिपरवर येतात. दोहोंपैकी एक झाड दूर केले, की साखळी तुटते. म्हणूनच अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने सफरचंदाच्या बागांजवळील ज्युनिपर तोडण्याचा कायदा १९१४ मध्ये केला.

गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचे असे दुसरे घर म्हणजे दारुहळदीच्या वर्गातील झुडपे. परंतु आग्र्याचे डॉ. करमचंद मेहता यांनी दीर्घ संशोधनाअंती दाखवून दिले, की आपल्या देशातील साथीशी या झुडपांचा संबंध नाही. मैदानी उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू मरतात. निलगिरी व पळणीच्या थंड डोंगरांत मात्र ते गव्हावरच टिकून राहतात, आणि नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरातील वादळांबरोबर मध्य भारतात येतात. १९४६-४७ मध्ये मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ येऊन गव्हाची अपरिमित हानी झाली. शेकडो मैलांवरून येणाऱ्या रोगास बांधावरची कुऱ्हाड काय करणार? करंजावरील गाठी तर सूक्ष्म कोळ्यांमुळे होतात. त्यांचा गव्हाशी काडीचाही संबंध नाही.

खरा उपाय बियाण्यात आहे. लोकवनसारखे जुने वाण तांबेऱ्यास लवकर बळी पडतात. त्यांऐवजी कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले प्रतिकारक वाण घ्यावे. ओलिताच्या गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. युरियाचा अतिरेक टाळावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी डिसेंबरपासून दर आठवड्यास शेतात फिरून पाने व खोडे तपासावीत. पुटकुळीवर बोट फिरवावे. विटकरी भुकटी बोटास लागल्यास तो तांबेरा समजावा. तसे आढळताच प्रोपिकोनॅझोल २५ टक्के प्रवाही, १ लिटर पाण्यास १ मिलिलिटर या प्रमाणात फवारावे व तालुका कृषी कार्यालयास त्याच दिवशी कळवावे.