लांब लेन्स घेतलीस, आता मावशीचं ऐक

पोरी, १५०-६०० घेतलीस म्हणून ताईने सांगितलं. छान केलंस. विरारमध्ये राहून पक्ष्यांकडे न बघणं म्हणजे नळाला पाणी असून घागर रिकामी ठेवणं. पण एक लक्षात असू दे. लेन्स पक्षी मोठा दाखवते, जवळ आणत नाही. जवळ आणतात ते भरती, उजेड आणि तुझी सबुरी. ती तिसरी गोष्ट तुझ्याकडे जरा कमी आहे, म्हणून हा लेखी कानमंत्र.

१. आधी गॅलरीतून कावळे आणि घारी टिप — उडता पक्षी चौकटीत धरायची सवय हाताला लागावी लागते, आणि कावळा कितीही वेळा संधी देतो.

२. पक्षी शोधताना झूम १५० वर ठेव, सापडला की मग ६०० वर जा — सहाशेवर चौकट इतकी अरुंद होते की नुसतं आभाळ दिसतं आणि तू लेन्सला नावं ठेवतेस.

३. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जायचं ते पंचांग बघून. तिथीची पाऊणपट कर, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते : अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, सकाळी तीच आणि रात्रीही तीच. हिवाळ्यात दशमी ते द्वादशीची सकाळ साध — चढतं पाणी कुरव, सुरय, चिखल्यांना हळूहळू तुझ्याकडे ढकलत आणतं, आणि समुद्र पश्चिमेला असल्यामुळे ऊन तुझ्या पाठीशी, पक्ष्यांच्या तोंडावर. पुनवेला-अवसेला भरती बाराच्या सुमारास येते. तेव्हा सकाळी पाणी लांब गेलेलं असतं आणि पक्षी ठिपक्याएवढे दिसतात.

४. उधाणाच्या दिवसांत वाळूच्या उंचवट्यावर पुढे जाऊन बसू नकोस, आणि दर थोड्या वेळाने डोळा काढून मागे बघ — लेन्समधून समोरचं दिसतं, पाठीमागे भरलेली खाडण दिसत नाही.

५. थव्याकडे सरळ चालत जाऊ नकोस. पाणी कुठवर येणार ते बघून आधीच पोटावर आडवी हो आणि त्यांना येऊ दे — धावला त्याला शेपूट, बसला त्याला डोळा. सगळ्या माना एकदम वर झाल्या की समज, तू जास्त पुढे आलीस, तिथेच थांब. यातले कितीतरी पक्षी मध्य आशिया आणि सैबेरियाकडून आलेले असतात. आपण उडवलं की परतीसाठी साठवलेली चरबी ते फुकट जाळतात, आणि हे मला फार लागतं.

६. कोपरं वाळूत टेकव, किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून त्यावर लेन्स ठेव — सहाशेला श्वाससुद्धा हलतो. बसलेल्या पक्ष्याला शटर १/१००० च्या खाली नको, उडत्याला १/२००० तरी हवा. त्यासाठी आयएसओ वाढला तर वाढू दे — दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

७. उजेड पुरेसा असेल तर एफ/८ वर ये — या झूम लेन्स शेवटच्या टोकाला, पूर्ण उघड्या छिद्रावर, जरा मऊ पडतात.

८. पांढऱ्या बगळ्याला एक्सपोजर थोडं खाली, आभाळातल्या घारीला एक पायरी वर — नाहीतर बगळ्याची पिसं जातात आणि घारीची नुसती सावली उरते.

९. वाळू तापली की कॅमेरा आवर. ऊन चढल्यावर जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांबचा प्रत्येक फोटो विरघळल्यासारखा येतो — दोष हवेचा असतो, म्हणून लेन्स घेऊन दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस.

१०. झूम मिटण्याआधी बाहेर आलेली नळी कोरड्या सुती फडक्याने पूस, काच मात्र आधी ब्लोअरने फुंक — नळीवरचे थेंब मिटताना आत जातात, आणि काचेवरच्या वाळूवर फडकं फिरवलं की ओरखडा कायमचा. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही, यावर चर्चा नाही.

११. जड लेन्स उचलायची ती तिच्या खालच्या ट्रायपॉड-पायाला धरून — कॅमेऱ्याला धरलंस की सगळा भार माउंटवर येतो.

१२. बोंबील वाळत घालायच्या वलांड्यांपाशी कुरव, घारी जवळ येतात, पण तिथे बायका काम करत असतात. आधी जाऊन बोल, विचार, मग लेन्स काढ — लांबून रोखलेली एवढी नळी कोणालाही खटकते, आणि एकदा ओळख झाली की पक्षी कधी उतरतात ते त्याच सांगतात.

१३. तुंगारेश्वरला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथे वनखात्याचे नियम पाळ, एकटी जाऊ नकोस, अंधाराआधी बाहेर पड — बिबट्याचं घर आहे ते. पावसाळ्यात तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या दरडीत बीळ करतो. असं बीळ कुठेही सापडलं तर मागे फिर आणि जागा कोणाला सांगू नकोस — समोर माणूस दिसला की चोचीत घास घेऊन पक्षी बाहेरच ताटकळतो, आणि आत पिल्लं उपाशी राहतात. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही नको.

१४. लोकलमध्ये बॅग पोटाशी — विरारच्या गर्दीत पाठीवरच्या बॅगेला मालक नसतो.

१५. पावसाळ्यात लेन्स कापडी बॅगेत ठेवू नकोस. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेव, आणि आठवड्यातून एकदा काढून वापर — आपल्या दमट हवेत काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर पुन्हा निळे होईतो तापव, पण वेगळ्या भांड्यात — ते रसायन पोटात जाण्याचं नाही. ताईची कढई घेतलीस तर मी तुझी बाजू घेणार नाही.

१६. घरी आल्यावर चिखल्या-तुतवारांचे पाय मोठे करून बघ. एखाद्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर रंग, अक्षरं, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, सगळं तारखेसह लिही आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) कळव — पट्टी कुठे बांधली ते कळलं की तो पक्षी कुठून कुठे आला याची नोंद होते. फोटो धूसर असला तरी चालेल, अक्षरं वाचता आली म्हणजे झालं.