क्रमांक, फीत आणि कागद

इंदापूर

चि. बाळ,

बारामतीहून पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. पुण्याच्या जुन्या बाजारात विक्रेत्याने ‘रशियन मिलिटरी मेडल’ म्हणून जो लाल तारा तुला दिला, त्याच्या मध्यभागी कुरळ्या केसांच्या एका मुलाचा चेहरा आहे. तो बाल लेनिन. सोव्हिएत शाळांतली सात ते नऊ वर्षांची मुलं ‘ऑक्टोबरिस्ट’ म्हणून गणवेशावर हा तारा लावत. झेंड्यावर प्रौढ लेनिन असलेला दुसरा बिल्ला कोमसोमोलचा, म्हणजे तरुणांच्या कम्युनिस्ट संघटनेचा. दोन्ही जपून ठेव, पण लष्कराशी त्यांचा संबंध नाही. बिल्ला, पदक आणि ऑर्डर (पदकाहून वरचा सरकारी सन्मान) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळल्याशिवाय पुढचा रुपया खर्च करू नये.

हे बिल्ले महाराष्ट्रात आले कसे, हाही संग्राहकाच्या अभ्यासाचाच भाग. पवईची आयआयटी 1958 साली सुरू झाली ती सोव्हिएत मदतीने, आणि तिथे शिकवायला सोव्हिएत तज्ज्ञ आले. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. ‘कलवरी’ ही आपली पहिली पाणबुडी 1967 च्या डिसेंबरात रीगा या सोव्हिएत बंदरात नौदलात दाखल झाली. 1971 मध्ये कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौकांवरचे नौसैनिक व्लादिवोस्तोकला शिकून आले होते. अशा येण्याजाण्यात मूठभर बिल्ले भेट म्हणून हातात पडत. म्हणून विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी विचारायचं ते हे: वस्तू कोणत्या घरातून आली, त्या घरातला माणूस कुठे नोकरीला होता? उत्तर मिळालं तर त्याच दिवशी वहीत लिहून ठेव. पुढे ते कोणालाच सांगता येत नाही.

आता खरा लाल तारा. ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ हा सन्मान 6 एप्रिल 1930 रोजी सुरू झाला. चांदीचा तारा, त्यावर गडद लाल मिना, मध्यभागी बंदूक घेतलेला सैनिक, मागे स्क्रू आणि टांकसाळीचा ठसा. त्याच मागच्या बाजूला एक क्रमांक असतो आणि संशोधन तिथूनच सुरू होतं. ज्याला तो तारा मिळाला त्याच्याजवळ एक छोटी पुस्तिका असे. तिच्यात त्याचं नाव, फोटो आणि तोच क्रमांक. तारा आणि पुस्तिका एकत्र असतील तर तो माणूस सापडण्याची आशा धरावी. नुसता तारा असेल तर काम अवघड, कारण रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने महायुद्धातली जी लाखो शिफारसपत्रं लोकांसाठी खुली केली आहेत, त्यांतला शोध प्रामुख्याने नावावरून घ्यावा लागतो. त्या शिफारसपत्रांत काय नसतं? जन्मवर्ष, सैन्यात भरती झाल्याची तारीख, जखमा आणि त्या माणसाने नेमकं काय केलं याच्या पाच-दहा ओळी. टेलिफोनची तुटलेली तार गोळीबारात कोणी जोडली, जखमींना कोणी ओढत मागे आणलं, हे त्याच्या अधिकाऱ्याने त्या वेळी लिहिलेलं आपल्याला आज वाचता येतं. पदकांच्या साऱ्या व्यापात याच्या तोडीचा आनंद नाही.

या क्रमांकाच्या जोरावरच फसवणूकही चालते. जुना क्रमांक घासून नवा कोरतात, किंवा एकाची पुस्तिका दुसऱ्याच्या ताऱ्याला जोडतात. भिंगाखाली क्रमांकाभोवतालचा धातू बाकी पृष्ठभागापेक्षा खोलगट किंवा जास्त गुळगुळीत दिसला, की वस्तू परत ठेवायची. ‘देशभक्तिपर युद्धाची ऑर्डर’ घेताना तर दुप्पट सावध राहावं. 1942 च्या मे महिन्यात ती सुरू झाली तेव्हा पहिल्या श्रेणीत सोनं वापरत आणि ती अनेक भाग जोडून बनवत. विजयाच्या चाळिसाव्या वर्षी, 1985 मध्ये, हयात असलेल्या योद्ध्यांना ती सरसकट दिली गेली. तेव्हाची चांदीची, एकाच तुकड्यात ठोकलेली आणि वरून मुलामा दिलेली. 1985 ची वस्तू युद्धकाळातली म्हणून विकणारे पुष्कळ भेटतात.

स्वस्त पदकांना मात्र कमी लेखू नको. ‘जर्मनीवरील विजयासाठी’ हे पितळी पदक जवळपास दीड कोटी लोकांना मिळालं. त्यावर क्रमांक नाही, पण सोबतच्या कागदावर नाव असतं. त्यावरचा स्टालिन डावीकडे, म्हणजे पश्चिमेला पाहतो. ‘जपानवरील विजयासाठी’ या पदकावर तोच स्टालिन उजवीकडे, पूर्वेला पाहतो. नवशिक्याने या दोन पदकांपासून सुरुवात करावी, खिसाही सांभाळला जातो आणि नजरही तयार होते.

जुने फोटो ही पदकांइतकीच, किंबहुना जास्त मोलाची गोष्ट आहे. सोव्हिएत सैनिकाचा फोटो हाती आला की आधी कॉलर आणि खांदे बघावेत. 1943 च्या जानेवारीपर्यंत हुद्द्याची चिन्हं कॉलरवरच्या पट्ट्यांवर असत. त्या महिन्यात खांद्यावरच्या पट्ट्या परत आल्या आणि कॉलरही उभी झाली. म्हणजे खांदे मोकळे आणि कॉलरवर पट्ट्या दिसल्या, की फोटो बहुधा स्टालिनग्राडच्या आधीचा किंवा त्या लढाईच्या दिवसांतला. मग छाती बघायची. लाल तारा आधी डाव्या बाजूला लावत, 1943 च्या जूनपासून तो उजवीकडे गेला. त्याच फर्मानाने पदकांचे टांगणे पंचकोनी झाले. ‘शौर्यासाठी’ या पदकाची जुनी छोटी लाल फीत जाऊन राखाडी, निळ्या काठांची फीत आली. इथे एक खबरदारी घ्यावी. कधीकधी प्रत काढताना निगेटिव्ह उलटी पडते आणि डावं उजवं होतं. ते ओळखायचं गुंड्यांवरून: पुरुषांच्या गणवेशात घालणाऱ्याची डावी बाजू उजवीवर येते. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं नाव, गाव, तारीख दिसली तर ती पुसट ओळ फोटोपेक्षाही मोलाची समजावी.

तू विचारलं आहेस की लाल तारा कोणा भारतीयाला मिळाला होता का. मिळाला होता. 1941 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणात शिरल्या आणि तिथून रशियाला रसद पोचवण्याचा मार्ग उघडला. त्या मार्गावर रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोरचे ड्रायव्हर डोंगर आणि वाळवंट तुडवत होते. त्यांच्यापैकी सुभेदार नारायणराव निकम आणि हवालदार गजेंद्र सिंग यांना सोव्हिएत सरकारने 1944 मध्ये ‘रेड स्टार’ दिला. निकम हे नाव वाचून आपल्या भागातले लोक लगेच आपल्या तालुक्याचा नकाशा काढतील. पण ते तमिळनाडूचे, आणि गजेंद्र सिंग आजच्या उत्तराखंडातले. आडनावावरून गाव ठरवणं ही संशोधकाची सर्वांत महाग पडणारी सवय आहे. कागद सांगेल तेवढंच लिहावं.

मराठी माणसाचं या विषयाशी नातं शोधायचं तर ते दुसरीकडे, शाहिरीत आहे. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, त्याचा रशियन अनुवाद झाला, आणि 1961 मध्ये ते स्वतः सोव्हिएत देशात जाऊन आले. 2022 मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवला गेला. ‘स्टालिनग्राडच्या रक्षणासाठी’ हे पदक 22 डिसेंबर 1942 रोजी सुरू झालं. तुझ्या संग्रहात ते कधी आलं, तर शेजारी अण्णा भाऊंच्या प्रवासवर्णनाची प्रत ठेव. असा संग्रह मॉस्कोतल्या माणसाला सुचणार नाही, तो आपल्याकडेच होऊ शकतो.

आणि आता जे तुला मनापासून सांगायचं आहे ते. रशियन पदकांचा अभ्यास जरूर कर, पण हात बसव आपल्या तालुक्यांतल्या वस्तूंवर. सोव्हिएत ताऱ्यावर क्रमांक असतो, नाव नसतं. आपल्या पदकांच्या कडेवर तर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल असो की 1971 चं संग्राम मेडल, कडेवर भिंग धर, माणूस समोर येतो. पहिल्या महायुद्धातल्या मजूर पलटणींना तेच वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझमध्ये मिळालं. मोडीत विकणारे ते कमअस्सल समजून फेकतात, आणि ते दुर्मीळ आहे.

नाव मिळालं की गाव शोधताना एक गोष्ट लक्षात ठेव. इंग्रजांच्या जुन्या कागदांत बारामती तालुका म्हणून सापडणार नाही, हा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात होता. इंदापूर तालुका मात्र त्याच नावाने आहे. आपल्या बाजूची कितीतरी जुनी गावठाणं उजनी धरणाच्या पाण्यात गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, घरं मात्र नव्या जागी गेली. कागदावरचं गाव आणि आजचं गाव वेगळ्या जागी असू शकतं. म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. काही गावांत पहिल्या महायुद्धात इथून किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत हे कोरलेला दगड असतो. साताऱ्याच्या अपशिंग्यातला दगड 46 जणांची आठवण सांगतो. तुझ्या सायकलच्या पल्ल्यातल्या गावांत असा दगड आहे का, ते शाळेच्या, चावडीच्या, देवळाच्या भिंतीशी जाऊन बघ. खडकीच्या युद्धस्मारकावरची नावंही एकदा सावकाश वाच.

एखाद्या माजी सैनिकाच्या घरी गेलास तर पदक विकत मागायचं नाही. आजी ट्रंक उघडेल, कागद दाखवेल, तेव्हा तिथेच फोटो काढायचे, कडेवरची अक्षरं वहीत उतरवायची आणि सगळं जसं होतं तसं परत ठेवायचं. पैशाच्या नडीला कोणी विकायला काढलंच, तर पाच पदकांतलं एक घेऊ नये. एका माणसाची पदकं एकत्र राहिली पाहिजेत, त्यांच्या क्रमातच त्याची नोकरी वाचता येते. पदकाला ब्रासो लावू नको, फीत धुऊ नको, फोटो लॅमिनेट करू नको, स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात काही ठेवू नको. त्या प्लॅस्टिकचा तो उग्र वास म्हणजे धातूला आणि कागदाला लागणारी कीड.

कायद्याचंही बघ. रशियात सरकारी पदकांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, तेव्हा तिथून थेट मागवण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्याकडे 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्यात मोडतात. परदेशातला कोणी मोठी किंमत देऊ लागला, तर हे त्याला आधी सांगायचं.

दिवाळीत भिगवणमार्गे इकडे येशील तेव्हा सगळे बिल्ले आणू नको. एकच वस्तू आण, आणि तिच्याबद्दल वहीत जे काही लिहिलं असेल ते आण. आपण बसून त्यातलं काय कागदाने सिद्ध होतं आणि काय ऐकीव आहे, ते लाल आणि निळ्या पेन्सिलीने वेगळं करू. तुझ्या आजीच्या माहेरच्या पेटीतलं कडेवर नाव असलेलं मेडलही तोवर मागवून ठेवतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा